‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच लिहू नका

कागल भागातल्या एका मुलीनं विचारलंय: भाऊ 23 वर्षांचा, पायदळात शिपाई. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या दक्षिण सुदानला निघालाय. तिकडं आपसातच लढाई. आई दोन दिवस धड जेवली नाही, वडील गोठ्यात जाऊन बसतात. एवढ्या लांब, असल्या ठिकाणी तरुण पोरगं राहतं तरी कसं, आणि घरच्यांनी काय करायचं?

ताई, तू माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीच लिहितो. मी शिरोळ तालुक्यातला. 1986 ला भरती झालो, बेळगावला ट्रेनिंग झालं आणि विसाव्या वर्षी श्रीलंकेत होतो. पलटणीचा नंबर लिहीत नाही, त्याची गरज नाही. पुढं चोवीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. आता सकाळी गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवतो. त्यातली पाच-सहा पोरं शांतिसेनेत जाऊन आली, दोघं दक्षिण सुदानला. तेव्हा खाली लंकेचं जे लिहिलंय ते माझं आणि सुदानचं जे लिहिलंय ते बरंचसं त्या पोरांच्या तोंडून ऐकलेलं, असं समजून वाच.

आधी एक फरक सांगतो, म्हणजे आईला समजावता येईल. भाऊ तिकडं लढायला चाललेला नाही. दक्षिण सुदान 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचेच जुने उपाध्यक्ष रिएक माचार यांची माणसं एकमेकांवर उठली. एक डिंका जमातीचे, दुसरे न्यूएर जमातीचे. आधी राजधानीत, मग देशभर. 2018 ला करार झाला, पण गावागावांतली धुसफूस काही करारानं थांबत नाही. निळ्या टोपीच्या जवानाचं काम म्हणजे मध्ये उभं राहायचं, छावणीत आसऱ्याला आलेल्या बाया-पोरांचं रक्षण करायचं, रस्त्यावर गस्त घालायची. आपल्या तुकड्या बोर आणि मलाकालकडं असतात. जाण्याआधी दिल्लीत शांतिसेनेचं वेगळं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं गोळी कधी चालवायची, कधी नाही, हे घोटून घेतात.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. एप्रिल 2013 मध्ये जोंगलेई भागात आपले पाच जण घात लावून मारले. त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या ठाण्यावर जमाव चालून आला, आत आसऱ्याला आलेल्या लोकांना मारायला. तिथं आपले दोन जवान गेले. हे तू नेटवर शोधणारच आहेस, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. पण हजारो पोरं तिथं वर्ष काढून आली आहेत, आणि बहुतेकांना छळलं ते मच्छरानं, चिखलानं आणि कंटाळ्यानं.

आता माझं सांगतो. भावाची ड्युटी वेगळी असली, तरी परक्या लोकांच्या यादवीत उभं राहणं म्हणजे काय, ते यातून कळेल.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी लंकेतली यादवी थांबवायच्या करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं सैन्य लंकेत उतरायला लागलं. नाव शांतिसेनाच. तमिळ लोकांनी हार घातले, नारळपाणी पाजलं. ऑक्टोबरात तिथंच, उत्तरेकडच्या जाफन्यात, वाघांशी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईच्या बंडखोरांशी लढाई जुंपली, ती ‘ऑपरेशन पवन’. 25 नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. मुंबईत जन्मलेले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मी पोचलो ते 1988 च्या सुरुवातीला. तोवर हार सुकून गेले होते.

गंमत बघ. आमच्या गावच्या पानपट्टीत रेडिओ सिलोन लागायचा, त्यावर हिंदी गाणी ऐकत आम्ही मोठे झालो. तो सिलोन म्हणजे हाच देश, हे माझ्या डोक्यात यायला महिना गेला. एवढं कोवळं होतो.

आमची पोस्ट, म्हणजे चौकी, उत्तर लंकेतल्या वावुनियाच्या पुढं, रस्त्याकडेला. ताडाची झाडं, लाल माती, मध्येमध्ये जुनी मोठी तळी. पोस्टखाली एक विहीर होती. तिथं एक म्हातारी पाण्याला यायची. तमिळमध्ये थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणतात, आणि आमच्याकडं शिरोळ-हातकणंगल्यातही अक्काच. मी पहिल्यांदा ‘अक्का’ म्हणून हाक मारली तेव्हा ती दचकली, मग हसली. पाण्याला ‘तण्णी’ म्हणायचं हे तिनंच शिकवलं. आम्ही तिला साखर द्यायचो, ती कधी शेवग्याच्या शेंगा आणून द्यायची. बोलणं एवढंच, दोन-चार शब्दांचं.

एक दिवस सकाळी अक्का विहिरीवर आली नाही. त्या रस्त्यावरची घरंही बंद होती, एक पोर बाहेर दिसेना. आमच्या हवालदारानं ते बघितलं, पण पुढची पार्टी तोवर निघून गेली होती. तिच्या घरापासून दोनशे पावलांवर सुरुंग फुटला. त्यात गडहिंग्लज भागातला माझा जोडीदार गेला. एकाच दिवशी बेळगावला भरती झालो होतो, त्याचा पलंग माझ्या शेजारी असायचा.

अक्काला माहीत होतं का? बहुतेक होतं. सगळ्या गावाला होतं. पण तिनं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी वाघांनी तिला विजेच्या खांबाला बांधून गोळी घातली असती. तसली मढी आम्ही बघितली होती, गळ्यात पाटी अडकवलेली. चार दिवसांनी ती परत विहिरीवर आली. मी साखर दिली नाही. तिनंही मागितली नाही. आज विचार करतो, तिच्या जागी माझी आई असती तर मीच तिला सांगितलं असतं, गप्प बस म्हणून.

यादवीत हे असं असतं. सरहद्दीवर शत्रू समोर असतो, त्याचा गणवेश वेगळा, बंकर वेगळा. इथं समोर केळी विकणारं पोरगं असतं, त्याच्या टोपलीत केळीच असतात, आणि उद्या नसतात. वाघांच्या गळ्यात सायनाइडची कुपी असायची. बारा-चौदा वर्षांची पोरं त्यात होती, पोरीही होत्या. आमच्याकडं एसएलआर रायफल, 20 गोळ्यांचं मॅगझिन, एकावेळी एक गोळी. त्यांच्याकडं एके-47. पण रायफलीचं दुःख नंतर विसरलं. कोणावर विश्वास ठेवायचा हे रोज सकाळी नव्यानं ठरवायचं, ते जास्त दमवायचं. भावालाही तेच करावं लागेल, थोड्या सौम्य रूपात. छावणीच्या दारात भांडं घेऊन उभी असलेली बाई कुठल्या बाजूची, हे विचारायचं नाही, आणि डोळा मात्र ठेवायचा. त्याचं डोकं जड झालं तर ते भित्रेपणामुळं नव्हे, हे घरच्यांना कळलं पाहिजे.

दिवस कसा जातो म्हणशील तर, पहाटे उजेड फुटायच्या आधी ‘स्टँड टू’. सगळे आपापल्या जागी, हत्यार हातात, अर्धा तास कोणी बोलत नाही. मग चहा. मग रस्ता उघडायला निघायचं. दोन्ही कडांनी ओळीनं चालायचं, मधल्या डांबरावर पाय टाकायचा नाही. ताजी उकरलेली माती, गवतात तार, जागा सोडून पडलेला झावळीचा ढीग, एवढंच बघत आठ-दहा किलोमीटर. दुपारी पुरी-भाजीचं पुडकं, उन्हात गरम झालेलं बाटलीतलं पाणी. परत आल्यावर पुल-थ्रूच्या दोरीनं रायफलीची नळी साफ, तेलाची चिंधी, मग थोडी झोप. रात्री दोन-दोन तासांची पहाऱ्याची ड्युटी. भावाच्या छावणीत कंटेनरच्या खोल्या असतील, वाळूनं भरलेल्या जाळ्यांच्या भिंती असतील, जनरेटर असेल, नेट असेल. पण पहाटे दोन ते चारची ड्युटी कुठल्याही देशात तीच. त्या दोन तासांत माणूस घरी असतो. नारळ पडला तरी आधी बोट ट्रिगरवर, आणि मग आठवतं की आता घरी आई दूध काढायला उठायच्या बेतात असेल.

घरची आठवण मोठ्या गोष्टींनी येत नाही, हे मला तिथं कळलं. सणाला लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, बडा खाना होतो, गाणी होतात, मंदिर परेड होते, पोरं हसतात. सणाचा दिवस निघून जातो. आठवण येते ती फालतू गोष्टीनं. माझ्या बाबतीत सायकलच्या घंटीनं. तिथल्या एका मास्तरच्या सायकलची घंटी आमच्या गावच्या पोस्टमनसारखी वाजायची. आणि एकदा चटणीनं. रजेवरून आलेल्या गड्यानं कांदा-लसूण चटणीचा डबा आणला. सेक्शनचे दहा जण, एकेका चपातीवर बोटभर चटणी. दुसऱ्या दिवशी डब्याला लागलेलं तेलसुद्धा भातानं पुसून खाल्लं. कोणी काही बोललं नाही, पण त्या रात्री तिघं-चौघं पत्र लिहायला बसले.

आणि आता पत्राचं. तुला मला जे सांगायचंय ते खरं इथंच आहे.

आमची पत्रं ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’ या पत्त्यावर यायची. घरच्यांना पत्त्यावरून कळायचं नाही आम्ही कुठं आहोत ते. जायला-यायला पंधरा-वीस दिवस. म्हणजे मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न मी विसरलेला असायचो. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. पत्र ठरलेलं: ‘चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुझी खुशाली कळविणे.’ पुढं उसाचं काही, कारखान्याच्या बिलाचं काही, शेवटी आईचा निरोप, वेळेवर जेव.

1989 चा जुलै आमच्यासाठी वाईट होता. लंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी आम्हाला जुलैअखेर देश सोडा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ज्यांच्या सरकारनं बोलावलं तेच चालते व्हा म्हणतायत, आणि वाघ तर मारतायतच. आता लंकेचं सैन्य आमच्यावर बंदूक रोखणार का, यावर लंगरमध्ये पैजा लागायच्या. आणि त्याच महिन्यात आपल्याकडं पंचगंगेला महापूर आला. आमचं घर नदीकडच्या गल्लीत. ऑगस्टात वडिलांचं पत्र आलं. ‘इकडील सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. तू काळजी करू नये.’

तीन दिवसांनी शेजारच्या गावच्या जवानाला त्याच्या भावाचं पत्र आलं. तो ताट घेऊन माझ्याजवळ बसला आणि सहज म्हणाला, ‘तुमच्या घराची मागली भिंत पडली न्हवं? म्हस पण गेली म्हणं.’ घरची सगळी शाळेत राहायला गेली होती, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याला वाटलं, मला माहीत असेल.

भिंत पडली, म्हैस वाहून गेली, याचं दुःख झालंच. पण त्या दिवसापासून माझा घरच्या पत्रावरचा विश्वास उडाला, ते दुःख मोठं. पुढचं प्रत्येक पत्र मी उलटं वाचायला लागलो. लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलं नाही, ते शोधायचं. आईची तब्येत बरी आहे म्हणजे ती आजारी असणार. धाकट्याचा उल्लेख नाही म्हणजे त्याचं काहीतरी झालं असणार. एका रात्री ड्युटीवर मी समोर बघतच नव्हतो. हवालदार साताऱ्याचे होते, मागून येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तरी मला चाहूल लागली नाही. त्यांनी शिवी दिली नाही. रायफल काढून घेतली, दुसऱ्याला उभं केलं आणि मला म्हणाले, ‘तुझ्यापायी नऊ जण मरतील. काय झालंय ते सांग.’ मग त्यांनी कंपनी कमांडर साहेबांना सांगितलं, साहेबांनी घरी पत्र लिहवून घेतलं. वडिलांचं उत्तर दीड महिन्यानं आलं. त्यात पहिल्यांदा सगळं खरं होतं, अगदी म्हशीची किंमतसुद्धा. ते वाचून मी रात्रभर गाढ झोपलो.

वडिलांना दोष देत नाही. आपल्याकडं पद्धतच तशी, लांबच्या पोराला ताप नको. पण तो ताप टळत नाही, उलट बिनपत्त्याचा होऊन त्याच्या डोक्यात फिरत राहतो. आज तर फोन आहे. तुमच्याकडं काही झालं की गल्लीतला कोणीतरी अर्ध्या तासात स्टेटसला टाकणार. माझ्याकडचं एक पोरगं ऑगस्ट 2019 च्या महापुरात दक्षिण सुदानमध्ये होतं, त्यानं घरून फोन यायच्या आधी शिरोळचं पाणी मोबाइलवर बघितलं. पण त्याचं बहिणीशी आधीच ठरलं होतं: ती रोज एकदा आवाजात निरोप टाकणार, बरं असो की वाईट. ‘दादा, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय. आजीला मामाकडं पोचवलं. जनावरं वर माळावर नेली. उद्या सकाळी परत सांगते.’ तो मला म्हणाला, काळजी वाटली पण हात-पाय गळाले नाहीत, कारण काय केलंय ते कळत होतं.

म्हणून वाईट बातमी द्यायची ती एकाच माणसानं, पूर्ण द्यायची, आणि आपण काय केलं तेही लगेच सांगायचं. तो एक माणूस म्हणजे तू हो. आई रडत फोन करणार, काका वेगळंच सांगणार, दाजी तिसरंच, असं होऊ देऊ नको. फार मोठं काही असेल, कोणी गेलं, कोणाचं मोठं ऑपरेशन, तर त्याला फोन करायच्या आधी पलटणीचा जो भाग इथं मागं राहतो तिथं कळव. आम्ही त्याला ‘रिअर’ म्हणतो. तिथला नंबर निघायच्या आधी भावाकडून कागदावर लिहून घे, मोबाइलमध्येच ठेवू नको. म्हणजे बातमी त्याला कळेल तेव्हा शेजारी त्याचा सिनिअर असेल, हातात रायफल नसेल, रजेचं बघायचं असेल तर तेही लगेच सुरू होईल. कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा जाऊन ये. कागदपत्राचं काही अडलं तर तिथं विचारायची सवय असावी.

फोनची वेळ ठरवा. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं. इथं रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथं संध्याकाळचे सहा. त्या वेळी बहुतेक जेवणाआधीचा मोकळा तास असतो. पण ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर लगेच देव पाण्यात घालू नका. गस्त लांबली असेल, नेट गेलं असेल, पावसाळ्यात गाडी रुतली असेल. तो कुठल्या ठाण्यावर आहे, कधी कुठं निघणार, हे विचारू नका आणि कोणाला सांगू नका. त्याचा निळ्या टोपीतला फोटो स्टेटसला लावायचा मोह वडिलांना होईल. फोटो लावा, जागेचं नाव नको.

त्या चिखलाचं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण ते ऐकून तुझे वडील हसतील. दक्षिण सुदानात बऱ्याच भागात आपल्यासारखीच काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊस लागला की गाडीचं चाक फिरतं आणि गाडी जागेवरच. साधारण मे ते ऑक्टोबर रस्ते बंद पडतात, कित्येक ठिकाणी हेलिकॉप्टरशिवाय पोचता येत नाही. दुसऱ्या राज्यांतली पोरं वैतागतात. आमच्याकडचा पोरगा म्हणाला, ‘सर, मला तर घरची वाफ आल्यागत वाटलं.’ आणि दुसरं, जनावरं. डिंका आणि न्यूएर लोकांचं सगळं आयुष्य गाईगुरांवर चालतं. लग्नात मुलीच्या घरी गाई द्याव्या लागतात, माणसाची पत गुरांवर ठरते, आणि गावागावांतल्या मारामाऱ्या बऱ्याचदा गुरं पळवण्यावरून पेटतात. हातभर-दीड हात शिंगांची ती गुरं बघून आपल्याकडचा गडी थांबल्याशिवाय राहत नाही. भारतीय तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टरही असतात, त्यांच्या शिबिराला ही गर्दी होते. भावाला गोठ्याची आवड असेल तर त्याला तिथं बोलायला विषय मिळाला म्हणून समज. भाषा येत नसली तरी बैलाच्या वशिंडावर हात कसा ठेवावा हे दोघांनाही कळतं. वडिलांना फोनवर हेच विचारायला सांग. ‘बरा आहेस का’ याचं उत्तर ‘बरा आहे’ एवढंच येतं. ‘तिकडची गाय किती दूध देते’ विचारलं तर पोरगं दहा मिनिटं बोलेल, आणि त्या दहा मिनिटांत तो खरंच बरा आहे का ते वडिलांना आवाजावरून कळेल.

मलेरियाची गोळी आणि मच्छरदाणी, यात हयगय नको. हे तू त्याला दर आठवड्याला ऐकवलंस तरी चालेल. तरुण पोरांना गोळीची भीती वाटते ती बंदुकीच्या, औषधाच्या गोळीला ते किंमत देत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. परदेशाचा भत्ता वेगळा मिळतो, आणि तो यायच्या आधीच घरात त्याचे वाटे पडतात. बुलेट, ट्रॅक्टरचा हप्ता, चुलत्याचं कर्ज. वर्षभर फोनवर हा विषय काढू नका. ‘तुझ्या पैशावर आमचं सगळं अडलंय’ असं ऐकलेला पोरगा आजारी पडला तरी सांगत नाही, परत पाठवतील म्हणून.

परत आल्यावरचं आता सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. 24 मार्च 1990 ला आमचं शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून निघालं. बत्तीस महिन्यांत अकराशेहून जास्त जवान गेले होते. मद्रासला उतरणाऱ्या सैन्याच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री आले नाहीत. त्याची कारणं त्यांच्यापाशी होती, तिथल्या तमिळ लोकांच्या भावना होत्या, ते मला पुढं समजलं. तेव्हा मात्र नुसतं लागलं. गावात आलो तर पानपट्टीवर पहिला प्रश्न, ‘रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणलास काय?’ आणि दुसरा, आवाज खाली करून, ‘किती मारलास?’ पहिल्याला मी हसलो. दुसऱ्याला उठून घरी आलो आणि महिनाभर त्या पानपट्टीवर गेलो नाही.

हा दुसरा प्रश्न भावाला तुमच्या घरात कोणी विचारणार नाही, याची जबाबदारी तू घे. शांतिसेनेत जाऊन आला तरी लोक विचारतात.

आल्यानंतर आठवड्यानं आईबरोबर मळ्याला निघालो. वडिलांनी मी नसताना नवी पाइपलाइन टाकली होती. वाटेवर आडवी चारी बुजवलेली, माती ताजी, अजून बसलेली नाही. मला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती माती बघितली आणि माझा हात आपोआप आईच्या छातीसमोर आडवा गेला. दोघं उभे. उसाचं पाचट वाऱ्यानं वाजत होतं, ताडाच्या झावळ्यांसारखं. आईला काही कळेना. ‘आरं, पाइपलाइन हाय ती.’ मला ते ऐकू येत होतं, पण पाय उचलत नव्हता. शेवटी आई चारी ओलांडून पलीकडं गेली, दोनदा त्या मातीवर पाय आपटून दाखवला, आणि काही न बोलता पुढं चालायला लागली. घरी आल्यावर तिनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, बापालाही नाही.

तुझा भाऊ असा कुठंतरी थांबेल. दिवाळीच्या लवंगी माळेला, गणपतीच्या मिरवणुकीत, नाहीतर रात्री कुत्रं भुंकल्यावर. हसू नका, आणि ‘काय झालं, काय झालं’ म्हणून मागंही लागू नका. महिना-दोन महिन्यांत बहुतेकांचं निवळतं. त्यानंतरही झोप नाही, चिडचिड, एकटाच बसतोय, दारूचं प्रमाण वाढलंय असं दिसलं, तर त्याला डॉक्टरकडं न्यायचं. बेळगावला मिलिटरी हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना जवानाला हे का होतं ते समजावून सांगावं लागत नाही. भगताकडं आणि उताऱ्याकडं वेळ घालवू नका. माझ्या बॅचच्या एकाचा असाच वेळ गेला.

राहिली तुझी आई. तिला नुसतं जेव-जेव म्हणून ती जेवणार नाही, तिला काम दे. भाऊ निघायला किती दिवस आहेत ते बघून चटणी कुटायला घाल. दोन किलोच्या वर नको, वजनात बसत नाही आणि उरलेली वाटण्यावरून पोरांत भांडणं होतात. तेल बेताचं, नाहीतर विमानातून उतरेपर्यंत सगळे कपडे लाल. आधी जाड पिशवीत, पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधून, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्याला बाहेरून जुना टॉवेल. सोबत मेतकूट दे, आजारपणात मऊ भाताबरोबर बरं पडतं. भडंग देऊ नको, चुरा होतो. खाण्याचं काय नेता येतं आणि काय नाही ते आधी भावाला पलटणीत विचारून घ्यायला सांग. एखादी वस्तू विमानतळावर टाकून द्यावी लागली, तर ते आईला सांगू नका. तेवढं एक लपवलेलं चालेल.